कुपनाएवढा संसार

मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी एक कुपन असायचं. पैसे पाठवणाऱ्याने त्यावर दोनचार ओळी लिहायच्या आणि पोस्टमनने पैसे मोजून दिल्यावर ते फाडून घेणाऱ्याच्या हातात ठेवायचं. फॉर्मचा दुसरा तुकडा म्हणजे पोचपावती. तिच्यावर पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा व्हायचा आणि ती उलट टपालाने पाठवणाऱ्याकडे परत जायची. २०१५ मध्ये ही जुनी कागदी मनीऑर्डर बंद झाली. पण लालबाग, परळ, वरळी, नायगावच्या चाळींतल्या ट्रंकांत आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांच्या पोटमाळ्यांवर हे दोन तुकडे अजून सापडतात. मुंबईत पावत्या, गावाला कुपनं. नवरा-बायकोची जन्मभर पुन्हा गाठ पडली नसेल, तरी त्यांचे कागद एकाच फॉर्मचे असतात.

सध्या हे कागद भराभर बाहेर येताहेत. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोल्या रिकाम्या होत आहेत आणि गावाकडे कौलं उतरवून स्लॅब पडते आहे. बाप मुंबईला, आई गावाला, मधे कधीतरी अबोला पडला आणि मग तो कायमचाच झाला, अशी कितीतरी घरं गिरणगावाच्या, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या वस्तीच्या, इतिहासात आहेत. त्या घरांतली मुलं आता पन्नाशी-साठीची आहेत. लहानपणापासून त्यांनी दोन वाक्यं ऐकलेली असतात. आईकडचं वाक्य, ‘त्यांनी कधी चौकशी केली नाही.’ बापाकडचं वाक्य, ‘तिने कधी उत्तर दिलं नाही.’ आणि मग एक दिवस हातात गाठोडं येतं. पहिली ऊर्मी असते ती भराभर वाचून निकाल लावण्याची, कोणी कोणाला टाकलं याचा. त्या प्रश्नाचं उत्तर कागद क्वचितच देतात. त्याहून लहान प्रश्नांची उत्तरं मात्र ते नेमकी देतात: पत्र कोणी लिहिलं, कधी टाकलं, कोणत्या वाटेने गेलं, पोचलं का, पोचलं तर कोणाच्या हाती. हे लहान प्रश्न आधी सोडवावेत. पुष्कळदा असं दिसतं की ज्याला आपण चाळीस वर्षं माणसाचा स्वभाव समजलो, तो टपालाचा दोष होता.

म्हणून गाठोडं सोडण्याच्या आधी त्याचा फोटो काढा. जागेवरच, चारही बाजूंनी. पत्रं कुठे होती याला फार अर्थ असतो. रेशनकार्डाच्या पिशवीत, पोथीच्या बासनात, देवाच्या तसबिरीमागे, वाशाला खोचून, ट्रंकेच्या तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, या प्रत्येक जागेचा मालक वेगळा असतो. सासऱ्यांच्या कागदांत सापडलेलं सुनेचं पत्र आणि सुनेच्या लुगड्याच्या घडीत सापडलेलं तेच पत्र, या दोन वेगळ्या हकिगती आहेत. एकदा सगळं चटईवर ओतलं की त्या दोन्ही पुसल्या जातात. तळाचं वर्तमानपत्रसुद्धा टाकू नका. त्यावर तारीख असते, आणि ट्रंक शेवटची कधी आवरली गेली याचा अंदाज तिच्यावरून येतो.

पुष्कळ घरांत पत्रं तारेला टोचलेली असत. वर आकडा, खाली लाकडाची किंवा पत्र्याची चकती, मधे वाकवलेली लोखंडी तार. आलेलं कार्ड वाचून झालं की तारेत. त्यामुळे तळाशी सर्वांत जुनं आणि वर सर्वांत नवं, असा आपोआप लागलेला क्रम असतो. तारखा नसलेल्या पत्रांसाठी हा क्रम म्हणजे पुरावाच, आणि घाईत नेमका तोच मोडतो. लोक वरून एकेक कार्ड ओढून काढतात, गंजलेली तार भोकाशी कागद फाडते आणि मधली दोन अक्षरं जातात. त्यापेक्षा तळाची चकती पक्कडीने कापून काढावी, तारेचं कापलेलं टोक कानसीने गुळगुळीत करावं आणि पत्रं खालच्या बाजूने एकेक सरकवावीत. जुनं पत्र आधी हाती येतं. प्रत्येकाच्या मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घाला: १, २, ३. पेनने नाही, आणि चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्याही नकोत; त्यांचा गोंद कागदात राहतो. मधलंच एखादं पत्र तारीख पाहता जागेवर बसत नसेल, तर ते कोणीतरी काढून पुन्हा वाचलं आणि परत टोचलं असण्याचा संभव असतो. अशा पत्राला बहुधा दोन भोकं असतात. ज्या आईने ‘मी त्यांची पत्रं वाचतच नव्हते’ असं सांगितलेलं असतं, तिच्या तारेवरच्या एखाद्या कार्डाला तीन भोकं निघू शकतात. ती मोजा, पण तिला दाखवायला जाऊ नका.

कोकणातल्या कागदाचे शत्रू तीन: दमट हवा, वाळवी, कसर. दमट गठ्ठा उन्हात वाळवायचा नाही. कागद कडक होतो, शाई उडते. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर, टीपकागदाच्या थरांत ठेवून वाळवावा आणि टीपकागद ओला झाला की बदलावा. चिकटलेली पानं सुटत नसतील तर सोडून द्या, थांबल्याने काही बिघडत नाही. ओढल्याने मात्र बिघडतं. बुरशी मऊ कोरड्या ब्रशने, मास्क लावून, उघड्यावर झाडावी. किडीची शंका असेल तर पूर्ण वाळलेला गठ्ठा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा काढून घट्ट बांधावा आणि उणे १८ अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक पूर्ण दिवस तशीच राहू द्यायची, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. घरच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर विसंबू नका, तिथलं तापमान वरखाली होत राहतं. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नयेत. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर खडखडीत वाळलेला आणि पुरचुंडीत; हिरव्या पाल्याचे डाग जात नाहीत. लॅमिनेशन आणि सेलोटेप या दोन गोष्टींनी जितकी पत्रं मारली तितकी वाळवीनेही मारली नसतील.

शाई ओळखून मगच हात लावा. बॉलपेन पाण्याला दाद देत नाही. दौतीतली निळी शाई ओलाव्याने पसरते. शाईची पेन्सिल दिसायला शिशासारखी करडी आणि पाण्याचा थेंब पडताच जांभळी. थुंकी लावून पान सोडवण्याची सवय असलेल्या काकांना हे आधी सांगून ठेवावं. अंतर्देशीय पत्र हे आणखी वेगळं प्रकरण. पातळ निळा कागद, तीन घड्या, कडेला गोंद. घाईने फोडलेल्या अंतर्देशीयाच्या कडेबरोबर ओळींची शेवटची अक्षरं जातात आणि बहुतेक वेळा ती दुमडलेल्या पट्टीलाच चिकटून राहिलेली असतात. पट्टी कचरा समजून टाकू नका. अक्षर पुसट असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या पातळीत आडवी धरा. बॉलपेनचा दाब मागच्या बाजूने उठून दिसतो. फोटो खिडकीच्या सौम्य उजेडात, फ्लॅशशिवाय. स्कॅन करायचं तर ३०० डीपीआय पुरे, कुपनं आणि पावत्या मात्र ६०० ला कराव्यात, कारण त्यांवरचे शिक्के बारीक असतात. दोन्ही बाजू, कोऱ्या असल्या तरी.

मग येतं काळ ठरवण्याचं काम. इथे पहिला भरवसा पोस्टाच्या शिक्क्यावर. जुन्या पत्रांवर बहुधा दोन शिक्के असतात, एक टाकलेल्या गावचा आणि एक पोचलेल्या गावचा. दुसरा शिक्का असेल तर पत्र निदान त्या गावच्या टपालघरापर्यंत आलं एवढं नक्की. घरापर्यंत आलं का, हे त्यावरून ठरत नाही. शिक्का पुसला असेल तर पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या डोक्यातून, म्हणजे आपल्याच कोकणच्या माणसाच्या. त्याआधी ‘मुंबई १२’ लिहीत, त्याचं पुढे ‘४०००१२’ झालं. पत्त्यात ‘जि. सिंधुदुर्ग’ असेल तर पत्र १ मे १९८१ च्या आधीचं नाही. उलट नियम मात्र लावू नका. जिल्हा झाल्यावरही कितीतरी वर्षं लोक सवयीने ‘जि. रत्नागिरी’च लिहीत आणि पिनकोड तर आजही कित्येक जण लिहीत नाहीत. पाकिटावर निर्वासित मदतीचं पाच पैशांचं जादा तिकीट दिसलं तर काळ १५ नोव्हेंबर १९७१ ते ३१ मार्च १९७३ असा नेमका सापडतो. मजकुरातही खुणा असतात. ‘परवाच्या भूकंपात भांडी पडली’ म्हणजे बहुधा ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा. तारीख आणि वार असेल, पण साल नसेल, तर जुनं कॅलेंडर काढा. तीच तारीख त्याच वारी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनीच परत येते, त्यामुळे दोनतीनच सालं उरतात.

तिथी लिहिलेल्या पत्रांत लोक हमखास फसतात. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हे जानेवारी लागेपर्यंतच. मार्गशीर्षाच्या अखेरीस किंवा पौषात कधीतरी इसवी सन बदलतो आणि मग ७९ मिळवावे लागतात. ‘माघ, शके १९०३’ असं लिहिलेलं पत्र ७८ च्या हिशेबाने १९८१ मध्ये जातं. प्रत्यक्षात ते १९८२ च्या जानेवारी-फेब्रुवारीतलं, म्हणजे १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाल्यानंतरचं आहे. ‘या महिन्यात पैसे पाठवता येत नाहीत’ हे वाक्य १९८१ मध्ये टाकलं तर बाप बेजबाबदार ठरतो. १९८२ मध्ये टाकलं तर अडीच लाख कामगारांसारखाच तोही एक. एका वर्षाच्या चुकीने माणूस असा उलटापालटा होतो. अधिक महिनाही ध्यानात ठेवावा. १९८५ साली अधिक श्रावण होता, त्या वर्षी ‘गणपतीला येतो’ याचा अर्थ थेट सप्टेंबरचा मध्य उलटल्यावर.

क्रम लागला की खंड दिसू लागतात. त्यातले बरेचसे निरुपद्रवी. चाकरमानी शिमग्याला, मे महिन्यात, गणपतीला घरी असायचा. घरात असलेला माणूस पत्र कशाला लिहील? गणपतीच्या आधी पत्रांची गर्दी, मग महिनाभर काही नाही, मग ‘सुखरूप पोचलो’ हे कार्ड, असा ठोका नियमित लागत असेल तर तो चालू संसाराचा ठोका आहे. ‘सुखरूप पोचलो’ हे कार्ड ज्या वर्षापासून दिसत नाही, तिथे थांबून बघावं. घाटावरच्या पत्रांत मे १९७४ ला अडखळण सापडली तर ८ ते २७ मे या काळातला देशभरचा रेल्वे संप आठवावा. खाली कोकणात तेव्हा रेल्वेच नव्हती, तिथलं टपाल एसटीने यायचं.

आणि आता सगळ्यात मोठा गैरसमज. ‘बाबांनी आईला एकही पत्र लिहिलं नाही.’ गठ्ठा चाळला तर हे अक्षरशः खरं असतं. सगळी पत्रं ‘तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार’ अशी सुरू होतात. एकत्र घरात, सासरा जिवंत असताना, मुलाने बायकोच्या नावाने वेगळं पत्र टाकणं हे आगाऊपणाचं होतं. तो घराच्या कारभाऱ्याला लिहायचा आणि बायकोसाठीची ओळ कुठेतरी मधे पेरायचा. ती शोधायला शिकावं लागतं. ‘घरातील मंडळींनी प्रकृतीस जपावे.’ ‘बाळ्याच्या आईला सांगणे की पायाचे दुखणे अंगावर काढू नये.’ ‘धाकट्याला थंडीत उघडा फिरू देऊ नये’ ही ओळ आजोबांना उद्देशून नाही. मनीऑर्डरीही सासऱ्याच्या नावे जात, म्हणून मुंबईच्या पावत्यांवर म्हाताऱ्याची सही दिसते. पैसे सुनेपर्यंत गेले की नाही हे पावतीवरून कळत नाही, पण ते मुंबईहून निघाले होते हे मात्र कळतं. अशा वेळी सासू-सासऱ्यांना खलनायक करणं फार सोपं आहे, आणि मला वाटतं ते थोडं आळशीपणाचंही आहे. कर्त्या माणसाच्या नावे आलेलं पत्र कर्त्यानेच उघडायचं ही रीत होती. पत्र दाबून ठेवलं असं म्हणायचं असेल तर त्याची खूण वेगळी: सुनेच्या नावाचं, पोचल्याचा शिक्का असलेलं आणि तरी न उघडलेलं पत्र म्हाताऱ्याच्या पेटीत निघालं पाहिजे.

अक्षर बदललं म्हणून माणूस बदलला असंही नव्हे. लिहिता न येणारा कामगार जीपीओसमोर, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपालघरासमोर, बसणाऱ्या पत्रलेखकांकडून लिहून घ्यायचा, नाहीतर खोलीतल्या शिकलेल्या गाववाल्याकडून. गावाला लिहिणारे असत मास्तर, पोस्टमन किंवा चौथी-पाचवीतलं पोर. पत्रलेखकाचा मायना ठरलेला, ‘वि. वि.’ (विनंती विशेष) पासून ‘कळावे, लोभ असावा’पर्यंत. लिहून घेणाऱ्याचे शब्द मधल्या दोनतीन वाक्यांतच असतात आणि ती बोलीत घसरलेली असतात. पोचलेलं पत्रही पडवीत बसून चार जणांसमोर मोठ्याने वाचलं जायचं. जे पत्र लिहिताना एक परका ऐकतो आणि वाचताना आठ शेजारी ऐकतात, त्यात ‘तुझी आठवण येते’ सापडणार नाही. ते नाही म्हणून प्रेम नव्हतं असा निष्कर्ष काढणाऱ्या सुशिक्षित नातवंडांचा मला थोडा राग येतो. एक पडताळा मात्र जरूर करावा: आईच्या बाजूची पत्रं कोणाच्या अक्षरात आहेत ते बघा. कित्येकदा ते आपल्याच थोरल्या भावा-बहिणीचं दुसरी-तिसरीतलं अक्षर असतं. ‘आई काय सांगायची ते तू गाळायचास का?’ हा प्रश्न विचारायला ते माणूस बहुधा अजून हयात असतं, आणि उत्तर बहुधा ‘हो’ असतं.

पत्र हरवायचं तरी कसं? मुंबईच्या टोकाला खोली एक आणि राहणारे पंधरा-वीस. तीन पाळ्यांत विभागलेले. पोस्टमन येईल तेव्हा दुसऱ्या पाळीचा माणूस आंघोळीच्या रांगेत, तिसरीचा झोपलेला आणि पहिलीचा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. पत्र खानावळवालीकडे किंवा मंडळाच्या पत्र्याच्या डब्यात पडायचं. एकाच गावचे, एकाच आडनावाचे, कधी एकाच नावाचे दोन-तीन जण असले की ते दुसऱ्याच्याच ट्रंकेत जायचं. गावच्या टोकाला शाखा डाकघर म्हणजे दुकानदाराची किंवा मास्तरांची पडवी. वाडी चार मैलांवर, मधे पऱ्ह्या, म्हणजे ओढा. पावसात पोस्टमन वाडीतल्या शाळकरी पोराच्या हाती कार्डं द्यायचा. पोर ती दप्तरात विसरायचं. एवढंच.

पोचू न शकलेलं पत्र मात्र नाहीसं होत नव्हतं, ते शेरा घेऊन परत फिरायचं. पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता असेल तर त्याच्याकडे. नसेल तर परत-पत्र कार्यालयात, जिथे ते अधिकृतपणे उघडून आत पत्ता सापडतो का ते पाहत, आणि नाहीच सापडला तर ठरावीक मुदतीनंतर नष्ट करत. म्हणून हरवलेलं पत्र शोधायचं तर ज्याला लिहिलं त्याच्याकडे नाही, ज्याने लिहिलं त्याच्याकडे शोधा. त्याच्या ट्रंकेत, स्वतःच्याच अक्षरातलं, शेरा मारलेलं. त्या शेऱ्यांत फरक करायला शिकलं पाहिजे. ‘मालक गेले’ किंवा ‘पत्ता सोडला’ म्हणजे खोली बदलली. ‘पत्ता अपुरा’ हा चाळ क्रमांक चुकल्याचा परिणाम. ‘घेत नाही’ हा शेरा सगळ्यांत जास्त जखम करतो, आणि नेमका तोच सगळ्यांत फसवा. कोणी घेतलं नाही? दारात उभ्या असलेल्या माणसाने, ज्याच्या नावाचं पत्र होतं त्यानेच असं नव्हे. शिवाय ते बेरंग होतं का? तिकीट कमी पडलं की पत्र बेरंग व्हायचं आणि घेणाऱ्याला कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट भरावे लागायचे. संपाच्या काळात जुन्या दराच्या पाकिटावर वरचं तिकीट लावायला विसरलेलं पत्र गावाला पोचतं, तिथे घरात तेवढी चिल्लर नसते, पोस्टमन शेरा मारून परत नेतो. मुंबईत बाप ‘घेत नाही’ वाचतो आणि पुढचं पत्र लिहीत नाही. परत आलेल्या पाकिटावर बेरंगाचा शिक्का आणि पैशांचा आकडा आहे का, हे भिंगाने पाहिल्याशिवाय ‘घेत नाही’चा अर्थ लावू नका.

काही पत्रं हरवलेली नसतात, रीतीने नष्ट केलेली असतात. मयताची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि वाचून झालं की ते फाडून टाकत. अशुभाचं पत्र घरात ठेवायचं नाही. त्यामुळे गठ्ठ्यात आजीच्या मृत्यूचं पत्र नाही म्हणजे ‘कळवलंच नाही’ असं होत नाही. खरं तर तेच पत्र तारेवर टोचलेलं सापडलं तर नवल. बाप मर्तिकाला आला नाही हा आईच्या बाजूचा पक्का आरोप असतो. त्यावेळी त्याचा पुरावा त्या पत्रात न शोधता पुढच्या मनीऑर्डरीत शोधावा. दिवसांच्या खर्चासाठी नेहमीपेक्षा जास्त रक्कम आणि कुपनावर ‘कार्यास’ एवढाच शब्द. त्याला खबर पोचली होती, एवढं त्यावरून नीट कळतं.

संपाचा काळ वेगळा काढून वाचावा. १९८२ च्या सुरुवातीला बरेच कामगार गावी परतले, म्हणून पत्रं थांबतात. मग काही जण एकटे पुन्हा मुंबईला गेले, मिळेल ते काम करत राहिले, पत्ता सारखा बदलत गेला. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे ‘आता परिस्थिती पूर्ववत झाली’ असं पत्र लिहिण्याचा दिवसही कोणाला आला नाही. पैसे पाठवू न शकणारा माणूस पत्रही पाठवत नाही. कुपनावरच ज्याचा संसार बोलायचा, त्याचे पैसे थांबले की बोलणंही थांबतं. कित्येक घरांतला अबोला भांडणाने नाही, असा सुरू झालेला आहे. अर्थात सगळीच घरं अशी नव्हेत. मुंबईत दुसरा संसार थाटलेले होते, दारूत गेलेले होते, गावाला बायकोला मारून मग निघून गेलेले होते. कागद त्यांनाही झाकत नाहीत. नियमित पावत्या आणि त्यावर एकाएकी वेगळ्या गावच्या नावाचे शिक्के दिसले तर ते तसंच वाचावं.

कोरं कुपन हेही एक कोडं. कोर्टातून पोटगी ठरली की ती मनीऑर्डरने पाठवण्याची पद्धत होती, आणि मग पावती हा पैसे दिल्याचा पुरावा असे. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली कितीतरी वर्षं महिना पाचशे रुपयांच्या वर पोटगी मिळतच नसे. त्यामुळे कधीपासून रक्कम अगदी एकसारखी होते आणि कुपन कोरं होतं, ती तारीख शोधा. त्याआधीची कुपनं लिहिलेली आणि रकमा खालीवर असतील तर मधे कोर्ट येऊन गेलं. कोरेपणात राग असेलही. पण वकील मधे आल्यावर लिहिलेली ओळ उद्या कामकाजात वाचली जाईल ही धास्तीही होती.

न उघडलेलं पत्र सापडलं तर घरात लगेच दोन पक्ष पडतात. ज्याच्या नावाचं आहे ते माणूस हयात असेल तर ते पत्र बंदच त्याच्या हाती द्यावं, भावंडांनी आधी वाचून मग ‘योग्य ते’ सांगणं नको. ते म्हणेल तर उघडा, नाही म्हणालं तर तसंच ठेवा; ती त्याची मुखत्यारी. उघडायचं तर धारदार पातळ सुरीने, गोंदाच्या कडेने, वाफ न देता. वाफेने दौतीची शाई पसरते. कायद्याच्या दृष्टीनेही एक भेद आहे, तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकण्याआधी कळलेला बरा. कागद ज्याला पत्र आलं त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांचा. पण मुख्य मुद्दा कायद्याचा नाही. आईने बापाला शिव्या घातलेलं पत्र सुनेच्या माहेरच्यांनी वाचावं असं तिला वाटणार नाही.

आई-वडील दोघंही हयात असतील, ऐंशीच्या घरात, दोन वेगळ्या मुलांकडे, तर घाई आणखी नडते. दोघांना समोरासमोर बसवून गाठोडं उघडण्याचा सोहळा करू नये. आधी एकटी आई, मग एकटे वडील. सकाळची, चहानंतरची वेळ. संध्याकाळी वयस्कर माणसं लवकर गळाठतात. मूळ कागद हातात द्या आणि तुम्ही मोठ्या टायपात उतरून घेतलेली प्रत वाचा. डोळ्यांना अक्षर दिसलं नाही तरी हाताला कार्ड ओळखू येतं. एका बैठकीत दोन पत्रं, तिसरं नाही. सुरुवात भांडणाच्या वर्षापासून करू नका. भाताचं बियाणं, म्हशीचा वेत, छपराला लागणारी कौलं असल्या पत्रापासून करा. त्या पत्रांवर माणसं आपणहून बोलतात, आणि बोलता बोलता ज्या साली तुम्हाला जायचं होतं तिथे तीच पोचतात. ‘मग तू उत्तर का नाही दिलंस?’ असं विचारायचं नाही. ‘हे पत्र कोणी आणून दिलं होतं?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला बचाव येतो, दुसऱ्याला आठवण. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून, फोन समोर ठेवून. परत आलेलं, शेरा मारलेलं पत्र वडिलांच्या ट्रंकेत निघालं असेल तर ते आईला देण्याआधी वडिलांची परवानगी घ्या. पुष्कळ म्हातारे ‘आता कशाला’ म्हणतात. पुन्हा आठवड्याने विचारा. ‘दे, पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस’ हे उत्तर या पिढीच्या पुरुषांकडून मिळालं तर ती मोठीच मजल झाली.

कुपनं आणि पावत्या शेजारी शेजारी लावण्याचं काम शेवटी ठेवावं आणि ते शक्यतो दोघांपैकी एकाच्या देखत करावं. मनीऑर्डरचा क्रमांक, रक्कम आणि तारीख जुळली की जोडी लागली. सगळ्या लागत नाहीत. ज्या लागतात त्या एका कोऱ्या, आम्लरहित कागदावर कागदी कोपऱ्यांत अडकवाव्यात, गोंदाशिवाय. असा कागद मिळाला नाही तर खळ न घातलेलं, धुऊन वाळवलेलं सुती कापड आणि त्याची घडी चालते. आईचा अंगठा असलेली पावती सापडली, म्हणजे निदान तेव्हा तरी पैसे थेट तिच्या हाती पडले होते. तिला ती दाखवा. अंगठ्याखाली साक्षीदाराची सही असते. ती कोणाची हे तिला लगेच कळतं, आणि त्या दिवशी घरात कोण होतं इथपासून सगळं बाहेर येऊ लागतं.

राहिली मुंबईकडची दुसरी बाजू. वडिलांचा दुसरा संसार असेल तर निम्मा पत्रव्यवहार त्या घरात आहे, आणि तिथल्या मुलांनाही आपल्यासारखीच दोन वाक्यं ऐकवलेली असतात. तो मागायचा कसा, यावर बहुतेक गाडी अडते. फोन करू नका. अनोळखी सावत्र भावाचा फोन आला की समोरचा माणूस आधी सावध होतो. पत्र लिहा, छोटं. स्वतःची ओळख, वडिलांचं नाव, एवढंच की आमच्याकडे त्यांची काही जुनी पत्रं निघाली आहेत. सोबत तीन पत्रांच्या प्रती जोडा, ज्यांत कोणावर आरोप नाही आणि वडील जरा हसरे दिसतात. मूळ कागद पाठवू नका, आणि त्यांच्याकडचेही मूळ मागू नका, फोटो मागा. आई हयात असेल तर तिला विचारूनच लिहा. आणि त्या पत्रात गावच्या घराचा, वाटणीचा, सातबाऱ्याचा उल्लेख चुकूनही नको, ‘आम्हाला त्यातलं काही नको आहे’ असासुद्धा नको. कोकणी माणूस ते वाक्य नेमकं उलटं वाचतो.